जुन्या बाजारात 'पहिली आवृत्ती' मिळतेय, अडीच हजार जास्त होतात का?

पानगळ | रविवार, रात्री १०:४२

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने.

आज सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर, नळाच्या तोट्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या मधोमध, एक कथासंग्रह दिसला. आत छापलंय 'पहिली आवृत्ती, १९५५'. पुढच्या आवृत्तीचा उल्लेख कुठेच नाही. वरचं रंगीत वेष्टन जागेवर आहे, कोपऱ्यात 'दलाल' अशी सही, म्हणजे चित्रकार दीनानाथ दलाल. कण्याच्या वरच्या टोकाला वेष्टन बोटभर फाटलंय. तिथे कुणीतरी आतून चिकटपट्टी लावली होती, ती पिवळी पडून कागदावर डाग सोडून गेलीय. पानं तांबूस झालीत, पण दुमडली तर मोडत नाहीत. पहिल्या कोऱ्या पानावर शाईने 'वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट' आणि १९६१ ची तारीख. ग्रंथालयाचा शिक्का नाही.

विक्रेता साडेतीन हजार म्हणाला. मी हजारापासून सुरुवात केली, तो अडीचला येऊन अडला. "बुधवारपर्यंत ठेवतो, मग फोर्टातला माणूस येणार आहे." हा फोर्टातला माणूस खरा की मला घाबरवायला काढलेला, देव जाणे.

आतापर्यंत मी वाचण्यापुरती पुस्तकं घेत आलो. पहिली आवृत्ती म्हणून जास्तीचे पैसे कधी मोजले नाहीत. हे खरंच १९५५ चं आहे हे कसं ओळखायचं आणि या अवस्थेला किती द्यावेत?

पुस्तकाचं नाव मुद्दाम सांगत नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे.

टग्या_ठाणेकर | रविवार, रात्री १०:५०

नाव सांगा.

उगाच | रविवार, रात्री १०:५१

नाव सांगा, किमतीचं आम्ही बुधवारी सकाळी सहाला बघून घेतो.

शेवटचं_पान | रविवार, रात्री ११:०५

पानं मोजलीत का?

मीनाक्षी_द | रविवार, रात्री ११:२०

मला हे पहिल्या आवृत्तीचं वेड कधी कळलेलं नाही. कथा त्याच, शब्द तेच. उलट दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने चुका दुरुस्त केलेल्या असतात, कधी एखादी कथा वाढवलेली असते. म्हणजे पैसे जास्त देऊन चुका विकत घ्यायच्या! अडीच हजारात आजच्या भावाने सात-आठ नवी पुस्तकं येतात. इंग्रजीवाल्यांचं बघून आलेलं फॅड आहे हे.

गोदाकाठ | रविवार, रात्री ११:४१

मीनाक्षीताई, फॅड असेल, पण चुकांसकट पुस्तक हवं असण्यालाही कारण आहे. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले. त्यानंतर छपाईसाठी नव्याने अक्षरं जुळवलेल्या पुस्तकांतून न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'घरांत', 'नाहीं', 'त्यांनीं' असं लेखकाने लिहिलं होतं तसं तुम्हाला जुन्या छापातच दिसतं. माझ्या आजोबांची पत्रं त्याच वळणाची आहेत. मर्ढेकरांच्या ओळी मी त्या अनुस्वारांसकट वाचल्या तेव्हा डोळ्याला जरा वेगळ्याच वाटल्या.

पानगळ, तुम्हाला ही एक खूणही झाली. आत अनुस्वारांचा पाऊस असेल तर जुळवणी १९६२ च्या आधीची असण्याची शक्यता दांडगी. उलट बाजूने मात्र खात्री नाही. काही लेखक आणि प्रकाशक नियम आल्यावरही हट्टाने जुनंच लिहीत राहिले.

एडिसनकर | सोमवार, सकाळी ६:१५

इकडे (न्यू जर्सी) मी दहा-बारा वर्षं इंग्रजी पहिल्या आवृत्त्यांच्या नादात आहे, म्हणून दोन शब्द.

इथे पुस्तकाची अर्धी कुंडली वेष्टनात असते. 'द ग्रेट गॅट्सबी' १९२५ चं. पहिल्या छपाईची प्रत वेष्टनाशिवाय काही हजार डॉलरना मिळते. तीच वेष्टनासकट असेल तर आकडा लाखाच्या पुढे जातो. त्या वेष्टनाच्या मागच्या मजकुरात 'जे गॅट्सबी' मधलं पहिलं अक्षर चुकून लहान लिपीत पडलं होतं आणि ते हाताने शाईने दुरुस्त केलं होतं. आता लोक ती दुरुस्ती शोधत फिरतात. मीनाक्षीताई म्हणतात तसं, चूकच विकत घेतात!

दुसरं म्हणजे अवस्थेची भाषा. इथले दुकानदार प्रतीला 'फाइन', 'व्हेरी गुड', 'गुड' अशा पायऱ्या लावतात. नवशिक्याला वाटतं 'गुड' म्हणजे चांगली. प्रत्यक्षात 'गुड' म्हणजे सगळी पानं आहेत आणि पुस्तक अजून पुस्तकासारखं दिसतंय, एवढंच. तुमची प्रत इथे 'व्हेरी गुड'च्या खालच्या पायरीवर बसली असती. चिकटपट्टीचा डाग जात नाही, फाटकं वेष्टन मात्र चालतं. न चिकटवलेली फाट ही चिकटवलेल्या फाटीपेक्षा बरी, हे लक्षात ठेवा.

टग्या_ठाणेकर | सोमवार, सकाळी ८:०२

म्हणजे स्थळाच्या माहितीत 'मुलगी स्वभावाने चांगली' लिहितात तसं हे 'गुड'.

कसरकाका | सोमवार, सकाळी ९:३०

आयुष्य ग्रंथालयात गेलं, निवृत्तीला नऊ वर्षं झाली. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

'पहिली आवृत्ती, १९५५' ही ओळ एकटी बघू नका. नंतरच्या छापांतही ती ओळ तशीच राहते आणि तिच्याखाली दुसरी, तिसरी अशा ओळी वाढत जातात. पथारीवाल्याने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत खालची ओळ नेमकी अंगठ्याखाली असते. तुम्ही पान स्वतः पाहिलंय, हे चांगलं केलंत.

आता त्याच पानावर पत्ता बघा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात 'पुणे २' किंवा 'मुंबई ४' असेल तर ठीक. '४११ ०३०' असा सहा आकडी क्रमांक दिसला की १९५५ विसरा. मग किंमत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. १९५५ च्या पुस्तकावर रुपये-आणे असायला हवेत. 'नये पैसे' किंवा 'न.पै.' दिसलं तर ते छापील अक्षर १९५७ ते १९६४ मधलं, कारण १ जून १९६४ पासून 'नये' हा शब्द काढून टाकला. या तीन गोष्टी मला ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात कुणी शिकवल्या नाहीत, दाखल नोंदवह्या भरता भरता कळल्या.

आणि शके. मागे एका विक्रेत्याने मला १८५९ सालचं पुस्तक म्हणून एक नाटक दाखवलं. १८५७ च्या बंडानंतर दोनच वर्षांनी छापलेलं, असं अगदी भारावून सांगत होता. शके १८५९ होतं ते. अठ्ठ्याहत्तर मिळवा, १९३७ येतं.

भेटीचा मजकूर आणि १९६१ ची तारीख मी दोष मानत नाही. उलट ती प्रत १९६१ ला अस्तित्वात होती याचा तो पुरावा आहे. लेखकाची स्वतःची सही असेल तर मात्र सावध राहा. सही खरी असेल तर मोल वाढतं, पण दोन पुस्तकांतल्या सह्या शेजारी ठेवून ताडल्याशिवाय त्यासाठी वेगळा रुपया देऊ नका.

बाभळी | सोमवार, सकाळी १०:११

काका, दात्यांच्या सूचीत बघता येईल ना?

कसरकाका | सोमवार, सकाळी १०:२५

शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९३७ आणि पुढच्या खंडात १९३८ ते १९५० अशी आहे. हे पुस्तक १९५५ चं, म्हणजे पाच वर्षांनी हुकलं. पण १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय इथे प्रत पाठवणं बंधनकारक झालं. त्यामुळे तिथे असायला हवी. 'असायला हवी' म्हणतोय, 'आहे' म्हणत नाही. सगळे प्रकाशक कायदा पाळत असते तर काय हवं होतं.

पानगळ | सोमवार, दुपारी १:१८

काका, हे सोनं आहे! रविवारी घाईत काढलेले फोटो आता मोठे करून पाहिले. पत्ता 'पुणे २', पिन नाही. आतल्या पानावर 'किंमत तीन रुपये आठ आणे'. अनुस्वार पोत्याने आहेत.

पण वेष्टनाच्या आत दुमडलेल्या घडीवर छापलंय 'रु. ४ - ५० न.पै.'

आता?

टग्या_ठाणेकर | सोमवार, दुपारी १:२५

घ्या. धोतर पंचावन्नचं, कोट एकोणसाठचा.

उगाच | सोमवार, दुपारी १:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

एडिसनकर | सोमवार, संध्याकाळी ५:०४

याला आम्ही 'लग्न लावलेलं वेष्टन' म्हणतो. नंतरच्या आवृत्तीचं वेष्टन काढून पहिल्या आवृत्तीच्या उघड्या प्रतीवर चढवायचं. माझ्या हिशेबी तुमची प्रत आता वेष्टनाशिवायची धरा. अर्धे पैसे.

जुळारी | सोमवार, रात्री ९:४७

एडिसनकर, थांबा जरा. तुमच्याकडे तसं असेल. आमच्याकडे गोष्ट वेगळी असू शकते.

मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवले, नंतर बांधणी खात्यातही काढली काही वर्षं. त्या काळी मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे हजार, फार तर अकराशे प्रती. त्या संपायला आठ-दहा वर्षं लागली तरी कुणाला नवल नव्हतं. छपाई एकदम व्हायची, कारण खिळे मोकळे करून पुढच्या कामाला लागायचे. बांधणीला मात्र पैसे लागतात. म्हणून प्रकाशक आधी तीनशे-चारशे प्रती बांधून घ्यायचा. बाकीचे छापलेले फर्मे (एकत्र शिवायचे पानांचे जुडगे) गठ्ठे बांधून माळ्यावर. मागणी आली की पुढची खेप बांधायची. तोपर्यंत कागद महाग झालेला, मजुरी वाढलेली, मग नवी किंमत. आतलं पान तर छापून झालेलं, ते कसं बदलणार? कधी रबरी शिक्का मारायचे, कधी कागदाची पट्टी चिकटवायचे आणि वेष्टन संपलेलं असेल तर नव्या किमतीचं वेष्टन छापून घ्यायचे. चित्राचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, जपून ठेवलेला असायचाच.

तेव्हा आत आणे आणि बाहेर नये पैसे असलेली प्रत ही खरीखुरी पहिली आवृत्ती असू शकते, फक्त उशिरा बांधलेली. १९६१ ला कुणीतरी दुकानातून नवी कोरी घेऊन भेट दिली असेल तर सगळं जुळतं. खोटेपणा कुणीच केलेला नाही.

वेष्टन त्याच प्रतीचं आहे का ते बघायची युक्ती सांगतो. वेष्टन हळूच उतरवा. पुठ्ठ्याच्या कापडावर जिथे वेष्टन झाकत होतं तिथला रंग ताजा आणि जिथे फाटलंय नेमकं तिथेच कापड विटलेलं असेल, तर दोघांचा संसार जुना आहे.

आणि पान तिरकं धरून उजेडात बघा. खिळ्यांच्या छपाईत अक्षराचा दाब पानाच्या मागून बोटाला लागतो. ऑफसेटचं पान गुळगुळीत. डोळे मिटून सांगतो मी.

कसरकाका | सोमवार, रात्री १०:०२

जुळारी, दंडवत घ्या. इतकी वर्षं मी असल्या प्रतींना 'किमतीत तफावत' असा शेरा मारत आलो, पण कारण आज कळलं.

शेवटचं_पान | सोमवार, रात्री १०:०९

पानं मोजलीत का?

मांडवीकार | मंगळवार, सकाळी ७:४४

गोव्यातून लिहितोय, त्यामुळे माझं सगळं लक्ष बुरशीवर. पुस्तक घेण्याआधी नाकाने तपासा. मधोमध उघडून वास घ्या. जुन्या कागदाचा वास वेगळा आणि कोंदट, ओलसर वास वेगळा. कोंदट वासाचं पुस्तक कितीही दुर्मिळ असलं तरी ते थेट कपाटात ठेवू नका, बाकीच्यांना पण लागतं. पानांवरचे गंजासारखे तांबूस ठिपके जात नाहीत, वाढू नयेत एवढंच बघायचं. कसर कणा आणि पुठ्ठ्याच्या कडा खरवडते, खळीसाठी. किड्याची भोकं मात्र आरपार जातात. भोक समासात असेल तर मी चालवून घेतो, अक्षरात असेल तर नाही.

आमच्या घरी आजी पोथ्यांमध्ये वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायची. मी तेच करतो, पण कपड्यात बांधून, पानात पूड टाकून नव्हे. आणि पुस्तकं उन्हात घालू नका हो. पावसाळ्यानंतर सावलीत, वाऱ्यावर.

बाभळी | मंगळवार, सकाळी ९:१५

अवांतर: आई दरवर्षी सरस्वतीपूजनाला पुस्तकं गच्चीत उन्हात मांडायची. माझ्या लहानपणीची सगळी वेष्टनं एका बाजूने फिकट का आहेत ते आज कळलं.

मीनाक्षी_द | मंगळवार, सकाळी १०:३८

मी पहिल्या प्रतिसादावर अजून ठाम आहे, पण जुळारींचं वाचल्यावर जरा विरघळले. तरीही मूळ प्रश्न राहिलाच. अडीच हजार हा आकडा आला कुठून? फळवाल्याकडे निदान शेजारच्या गाडीवर भाव विचारता येतो.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ११:२०

खरी गोम तीच आहे. इंग्रजी पुस्तकांना लिलावांच्या नोंदी असतात, कुठली प्रत कितीला गेली ते शोधता येतं. मराठीत तसं काही नाही. ऑनलाइन एखाद्याने आठ हजार लिहिलेलं असतं आणि पथारीवाला तो फोटो मोबाइलमध्ये ठेवून फिरतो. पण ती मागितलेली किंमत असते. तीन वर्षं तेच पुस्तक त्याच आठ हजारांना तिथेच पडलंय हे तो सांगत नाही. कुणी दिलेली किंमत कळायची असेल तर एकच मार्ग, चार खरेदीदार ओळखीचे असणं.

मी स्वतःपुरता एक हिशेब ठेवलाय, शास्त्र नाही, सवय म्हणा. पूर्ण आणि वेष्टनासकट नीट प्रतीला मी जास्तीत जास्त किती देईन ते घरी बसून ठरवतो, पुस्तक हातात घेण्यापूर्वी. मग बाजारात त्यातून वजा करतो. वेष्टन नाही तर निम्मे. ग्रंथालयाची पुनर्बांधणी असेल, म्हणजे समास कापलेले आणि वर जाड कापड, तर पाव. पान गहाळ असेल तर वाचायच्या प्रतीचा भाव, मग ती कुणाचीही पहिली आवृत्ती असो.

आणि 'दुर्मिळ' शब्दाला भुलू नका. खूप पुस्तकं दुर्मिळ असतात कारण ती कुणालाच नको होती. मागणी असलेली थोडी. 'कोसला'ची १९६३ ची देशमुख आणि कंपनीची प्रत मागणारे आहेत. कोलटकरांचं 'जेजुरी', १९७६ चं क्लिअरिंग हाऊसचं, इंग्रजी असूनही मराठी घरांतून शोधलं जातं. 'अरुण कोलटकरच्या कविता' ही प्रास प्रकाशनाची १९७७ ची प्रत मी सहा वर्षं शोधतोय. कुणाकडे दोन असतील तर सांगा, भांडण न करता घेईन.

टग्या_ठाणेकर | मंगळवार, सकाळी ११:२६

"घरी बसून ठरवतो" हे वाचून हसू आलं. गोदाकाठ, मागच्या वर्षी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर तुम्ही ठरवलेल्या आकड्याच्या दुप्पट देताना मी शेजारी उभा होतो.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ११:४०

ते पुस्तक अपवाद होतं.

टग्या_ठाणेकर | मंगळवार, सकाळी ११:४१

त्या दिवशी तीन अपवाद घेतलेत.

सावळ्या | मंगळवार, दुपारी ३:०८

एक तांत्रिक शंका. बऱ्याच कथा आधी दिवाळी अंकात येतात, मग संग्रहात. मग 'पहिली' कुठली? मी तर म्हणेन दिवाळी अंक जमवा. अजून रद्दीच्या भावात मिळतात आणि दलालांची चित्रंही भरपूर.

कसरकाका | मंगळवार, दुपारी ४:३०

सावळ्या, हळू बोला, भाव वाढेल.

शिक्क्यांबद्दल राहून गेलं. ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत घेताना त्यावर 'रद्द' किंवा 'बाद' असा दुसरा शिक्का आहे का बघा. नसेल तर ती प्रत कुणीतरी परत न केलेली असू शकते. एका गावात वाचनालयाची जागा गेली तेव्हा पोती भरून पुस्तकं रद्दीत गेलेली मी पाहिलीत, त्यात कसलेच बाद शिक्के नव्हते, त्यामुळे प्रत्येक वेळी चोरीच असं नाही. पण विचारा तरी. आणि शिक्का ब्लेडने खरवडलेला दिसला तर तिथून उठा.

पानगळ | मंगळवार, रात्री ८:५५

उद्या सकाळी जातोय. भिंग, टॉर्च, नाक असं सगळं घेऊन. घरी बसून ठरवलेला आकडा: अठराशे.

शेवटचं_पान | मंगळवार, रात्री ८:५९

पानं मोजा.

पानगळ | बुधवार, दुपारी २:३६

आलो. सांगतो.

साडेसातला पोचलो. फोर्टातला माणूस आलेला नव्हता (अजूनही आलेला नसावा). पुस्तक विक्रेत्याने खरंच बाजूला ठेवलं होतं, एका प्रेशर कुकरच्या डब्यात.

वेष्टन उतरवलं. जुळारी म्हणाले तस्संच. कण्याच्या वरच्या टोकाला बोटभर कापड विटलेलं, बाकीचा हिरवा रंग परवा रंगवल्यासारखा. पानाच्या मागून अक्षरं बोटाला लागतात. वास कोरडा. मी मनात अठराशेचे दोन हजार करून टाकले होते, खोटं कशाला बोलू.

मग शेवटचं_पान यांचा तीनदा विचारलेला प्रश्न आठवला आणि केवळ त्यांना उत्तर द्यायचं म्हणून तिथेच फुटपाथवर बसून मोजायला लागलो. ९६ पर्यंत सुरळीत. ९७ ते ११२. त्यानंतर पुन्हा ९७ ते ११२. त्यानंतर एकदम १२९.

११३ ते १२८ नाहीतच. फाडलेली नाहीत, शिलाई घट्ट आहे. एक अख्खी कथा आणि दुसरीचा शेवट गायब.

विक्रेत्याला दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही लोक कपाटात ठेवता. आतलं कोण वाचतंय?"

मीनाक्षी_द | बुधवार, दुपारी २:४१

या माणसाचा सत्कार करा कुणीतरी. चार दिवस मी जे सांगत होते ते त्याने दोन वाक्यांत संपवलं.

शेवटचं_पान | बुधवार, दुपारी २:४४

.

उगाच | बुधवार, दुपारी २:४५

शेवटचं_पान यांचा टिंब हा या धाग्यावरचा सगळ्यात बोलका प्रतिसाद आहे.

जुळारी | बुधवार, दुपारी ३:२०

अहो, मग तर माझं म्हणणं आणखी पक्कं झालं! सोळा पानांचा एक फर्मा. ९७ ते ११२ सातवा, ११३ ते १२८ आठवा. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, दोन्ही ठिकाणी ७ असणार, बघा. माळ्यावरची शेवटची खेप बांधायला काढली की कुठला तरी फर्मा कमी भरायचा. कधी उंदीर, कधी गळकं छप्पर, कधी छपाईतच वाया गेलेला. गठ्ठे मांडून एकेक उचलत जाताना बांधणाऱ्याने आठव्याच्या जागी सातवाच दोनदा उचलला. कणा जाड दिसला की मालकाला शंका येत नाही. असल्या प्रतींवरून आम्ही शिव्या खाल्ल्यात. ही मी बांधलेली नसावी एवढीच प्रार्थना, १९६१ ला मी शाळेत होतो.

एडिसनकर | बुधवार, संध्याकाळी ५:५०

पोस्टाच्या तिकिटात असं असतं तर तुम्ही श्रीमंत झाला असता. १९१८ चं अमेरिकेचं चोवीस सेंटचं तिकीट, त्यात विमान उलटं छापलं गेलं, त्याची किंमत विचारू नका. पुस्तकाचं तसं नाही. बांधणीतली चूक म्हणजे नुसतीच चूक. काय केलंत शेवटी? घेतलंत का?

पानगळ | बुधवार, संध्याकाळी ६:१०

पाचशेला घेतलं. त्याने "चला, बोहनी आहे" म्हणून दिलं. आकडे बघितले, दोन्हीकडे ७ आहे. चिकटपट्टी काढायचा प्रयत्न करणार नाही.

टग्या_ठाणेकर | बुधवार, संध्याकाळी ६:१४

पाचशे? पान गहाळ म्हणजे वाचायच्या प्रतीचा भाव, असं गोदाकाठ यांनी बजावलं होतं. आणि तुमची प्रत तर वाचताही येत नाही.

गोदाकाठ | बुधवार, संध्याकाळी ६:२२

मी पण पाचशेला घेतलं असतं. दलालांचं वेष्टनच तेवढ्याचं आहे. दलाल १९७१ ला गेले, आणि त्यांची वेष्टनं नुसती फ्रेम करायला नेणारे लोक आहेत. पुस्तक टाकून देतात. त्यापेक्षा हे बरं.

कसरकाका | बुधवार, रात्री ८:०५

पानगळ, एक सुचवतो. आमच्या जुन्या ग्रंथालयात त्या काळातले कथासंग्रह बऱ्यापैकी शिल्लक आहेत. पुनर्बांधणी केलेले, शिक्के मारलेले, पण पानं पूर्ण. ११३ ते १२८ ची झेरॉक्स काढून देतो. सोळा पानं घडी घालून पुस्तकात ठेवा, चिकटवू नका. गोष्ट तरी पुरी वाचून होईल.

फक्त त्यासाठी मला पुस्तकाचं नाव लागेल.

टग्या_ठाणेकर | बुधवार, रात्री ८:०६

हाहाहा! काका!!

उगाच | बुधवार, रात्री ८:०६

चार दिवस आम्ही नुसते ओरडत होतो. अनुभव म्हणतात तो हा.

पानगळ | बुधवार, रात्री ८:१९

काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

शेवटचं_पान | बुधवार, रात्री ८:३१

काका, झेरॉक्स काढण्यापूर्वी तुमच्या प्रतीची पण पानं मोजा.